दाराची मूठ

ग्रिम्सबीला डिसेंबरात
साडेतीनलाच वर्गातले दिवे लावावे लागतात.
मी फळ्यावर लिहिते: नव्वद सेकंद.
एक बोळ, एक दार.
संवाद नाही. भूत दाखवायचं नाही.
"मग घाबरायचं कशाला?" लुइस विचारतो.
त्याने सकाळीच गोल्डन सिरपमध्ये लाल रंग कालवून
दोन लिटर रक्त तयार ठेवलंय.

आमच्याकडे म्हणतात, मी सांगते,
भित्यापाठी ब्रह्मराक्षस.
इंग्रजीत नेताना त्याचं निम्मं वजन सांडतं,
उरतो कुणी एक शिकलेला मेलेला माणूस,
पाठीमागे उभा.
यारेक वहीत उतरवून घेतो, मग मान वर करतो:
पाठीमागे म्हणजे किती फुटांवर?
आणि फोकस कुणावर?

वीस वर्षं शिकवतेय.
हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

शूटिंग टेगनच्या घरी. मी तिथे नव्हते,
मला जे कळलं ते फुटेजमधून.
बोळ इतका चिंचोळा
की ट्रायपॉडचा तिसरा पाय जिन्याच्या पायरीवर.
ओसागीचे माइक धरलेले हात थरथरतात
आणि ती केसाळ टोपी, जिला इथे मेलेली मांजर म्हणतात,
चौकटीत वरून डोकावते.
सेलरीची जुडी पिळली की मान मोडते. दोनदा मोडली.
सातव्या टेकला लुइस हसला.
आठव्याला सगळेच.
रक्त पायपुसण्यावर सांडलं, ते नवव्याच्या आधी.

मग खोलीचा आवाज.
निघण्याआधी तीस सेकंद कुणी हलायचं नाही,
हे मीच घोकून घेतलेलं:
रिकामी खोलीसुद्धा काहीतरी पुटपुटत असते,
कापांच्या फटी तिनेच लिंपायच्या असतात.
चौघं उभी. बॉयलरची घरघर.
कुणाच्या तरी पोटात गुरगुर.
अकराव्या सेकंदाला
टिक्
आणि दाराची मूठ फिरते.

चार किंकाळ्या. त्यातली सगळ्यात बारीक लुइसची.
दारात टेगनची आई,
माशांच्या कारखान्यातून, दुपारपाळी संपवून,
केसांवर अजून जाळी, हातात दोन पिशव्या.
"सगळे दिवे चालू? बिल कोण भरणार?"

सोमवारी टेगन मशीनवर बसली.
मूठ फिरली की काप, म्हणाली, चेहरा नको.
मी म्हटलं, चार फ्रेम आधी.
चार नाही, सहा.
करून बघितलं. सहाच.
थंडीने सुजलेली ती बोटं
आता कुणाचीच नव्हती,
कुठून तरी बऱ्याच लांबून आलेली होती.

दाखवलं त्या संध्याकाळी आई तिसऱ्या रांगेत,
कोट न काढता.
टिक् झालं तसा अख्खा वर्ग दचकला,
तीही.
मग अंधारात मोठ्याने: "अगं, ही तर माझी अंगठी!"
गुण देताना मला याचं काय करावं कळेना.

आता सगळे गेलेत, मी बॅकअप घेतेय.
टेगनच्या फोल्डरात आणखी एक फोल्डर,
नाव ठेवलंय: उरलेलं.
अडतीस सेकंद.
शॉट तिरका, फोकस गेलेला,
यारेक कॅमेरा बंद करायला विसरलाय.
आई पिशव्या खाली ठेवते,
एका पायाच्या अंगठ्याने दुसऱ्या पायातला बूट ढकलते,
पायपुसण्यापाशी वाकते,
लालभडक डागात बोट बुडवते,
जरा थांबते,
चाटते.
आणि कुणाकडेच न बघता विचारते,
काही खाल्लंत का रे?